हिरवळ निरोगी ठेवायची तर आधी कापणी सुधारा

घरासमोरची हिरवळ पिवळी पडू लागली की बहुतेकांचा हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. खत टाकले, वरून पाणी मारले, आठ दिवस रंग बरा दिसला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. माझे ठाम मत असे की खताचा नंबर शेवटचा. आधी कापणी, मग पाणी, मग जमिनीतली हवा. या तीन गोष्टी जागेवर असतील तर खत कमी लागते आणि टाकलेले लागूही पडते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुरुवात: आपले गवत कोणते ते ओळखा

लॉनच्या गवतांचे ढोबळ दोन गट पडतात. हरळी आणि तिच्या सुधारित जाती, झोयसिया, सेंट ऑगस्टिन ही उष्ण हवामानाची गवते. २७ ते ३५ अंश सेल्सिअसला ती जोमात असतात. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंड हवामानाची. १५ ते २४ अंश हा त्यांचा सुखाचा काळ. पहिली कडाक्याच्या थंडीत वाळल्यासारखी दिसतात, दुसरी कडक उन्हाळ्यात. लॉन मेले असे समजून ते उपटायला निघण्याआधी एक जुडी हातात घ्या आणि पात्यांचा बुडखा बोटांनी उकलून पाहा. आतला भाग घट्ट आणि पांढुरका असेल तर गवत जिवंत आहे, फक्त विश्रांती घेत आहे. तो तपकिरी, पोकळ आणि चुरा होणारा असेल तर मात्र ते गेले.

वाढीची पद्धतही पाहून ठेवा. हरळी जमिनीवरून आडवी धावते आणि पेऱ्यापेऱ्यावर मुळे धरते, म्हणून लहानसहान मोकळी जागा ती स्वतःच भरून काढते. राय आणि फेस्क्यू झुपक्यांनी वाढतात. तिथे पडलेली मोकळी चकती आपणच भरावी लागते.

उन्हाच्या बाबतीत तडजोड चालत नाही. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. सेंट ऑगस्टिन आणि बारीक पात्याचे फेस्क्यू थोडी सावली सोसतात. दाट झाडाखाली गवत दरवर्षी नव्याने लावायचे आणि दरवर्षी घालवायचे, यात पाणी आणि उमेद दोन्ही वाया जातात. खालच्या फांद्या उतरवून ऊन आत येऊ द्या, नाहीतर ती जागा सावलीतल्या झाडांना द्या.

कापणी

बरीच लॉन इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

गवताचा वाढीचा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचे पाते कापले तरी गवत मरत नाही. पण अन्न तयार होते ते पात्यातच. एकाच वेळी खूप पाते गेले की गवत मुळांची वाढ थांबवते आणि साठवलेले सारे नवीन पाने काढण्यात घालवते. असे वारंवार झाले की मुळे उथळ राहतात, उघड्या मातीवर ऊन पडते आणि तिथे तणाचे बी आरामात रुजते. यातून एक नियम निघतो आणि तो कधीच मोडू नका: एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही. लॉन ६ सेंटिमीटरवर ठेवायचे असेल तर ते ९ सेंटिमीटर झाले की मशीन बाहेर काढा. म्हणजेच कापणीचा दिवस गवताची उंची ठरवते, कॅलेंडर नाही. जोमाच्या काळात पाच दिवसांनी वेळ येईल, मंद काळात तीन आठवड्यांनीही येणार नाही.

उंची किती? हरळीच्या जातींना साधारण २ ते ४ सेंटिमीटर, झोयसियाला अडीच ते पाच, फेस्क्यूला ६ ते ९, सेंट ऑगस्टिनला ७ ते १०. सावलीत आणि कडक उन्हाळ्यात यातली वरची मर्यादा धरा. खेळाच्या मैदानासारखे तासलेले लॉन अनेकांना हवे असते, पण त्या मैदानांची निगा रोज राखली जाते. घरच्या लॉनला थोडी जास्त उंची मानवते.

मशीनवरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. ते सपाट फरशीवर उभे करा, विजेचे असेल तर प्लग काढा, पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची वायर सोडवा आणि मशीनच्या पात्याची फरशीपासूनची उंची पट्टीने मोजा.

आता धार. कापणीच्या दुसऱ्या दिवशी खाली बसून एक कापलेले पाते डोळ्यांजवळ धरा. धारदार पात्याने कापलेली कड सरळ असते. बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते. टोकाला पांढरे तंतू लोंबत राहतात आणि दोन दिवसांत ते तपकिरी होतात. दुरून पाहिले तर अख्ख्या लॉनवर राखाडी झाक दिसते, आणि हीच झाक खताची कमतरता म्हणून खपते. फाटलेल्या टोकातून ओलावा जास्त उडतो आणि बुरशीलाही वाट मिळते. साधारण २०-२५ तासांच्या वापरानंतर पात्याला धार लावून घ्या. पाते दगडावर आदळले असेल तर त्याच दिवशी.

उरलेले थोडक्यात. कापण्याआधी खडे आणि काटक्या वेचा. ओले गवत कापू नका, ते मशीनमध्ये लगदा होऊन बसते. दर वेळी दिशा बदला, नाहीतर गवत एकाच बाजूला झुकते आणि चाकांच्या रेषांवर माती दबते. गावाला जाऊन आल्यावर लॉन गुडघ्याला लागले असेल तर एका फटक्यात उतरवू नका. तीन-चार दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली आणा.

कापलेले गवत तिथेच राहू द्या. बारीक तुकडे झपाट्याने कुजतात आणि गवताच्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो. फक्त ढीग पडले असतील तर दंताळ्याने पसरा, आणि लॉनवर रोग असेल तेव्हा मात्र गोळा करून बाहेर काढा.

पाणी: क्वचित, पण खोल

रोज संध्याकाळी पाइप धरून पाच मिनिटे शिंपडणे हा मोठा विरंगुळा आहे. गवताचे मात्र त्याने नुकसान होते. वरचा बोटभर थर ओला राहिला की मुळे तिथेच घुटमळतात, आणि मग दोन दिवस पाणी चुकले तरी लॉन मान टाकते.

वाढीच्या काळात पावसासकट आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो. ४० चौरस मीटरच्या लॉनला आठवड्याला सुमारे १,००० लिटर. हे एकदा किंवा दोनदा विभागून द्या. वाळूसर जमीन असेल तर दोनदाच बरे.

तुमचा स्प्रिंकलर किती पाणी देतो हे मोजायला सरळ बाजूंचे सारख्या मापाचे पाच-सहा डबे लॉनवर विखरून ठेवा, १५ मिनिटे पाणी चालू ठेवा आणि डब्यांतली पातळी पट्टीने मोजा. सरासरी ६ मिलिमीटर भरली तर २५ मिलिमीटरला सुमारे एक तास लागेल. एका डब्यात १० आणि दुसऱ्यात २ मिलिमीटर आले, तर अमुक कोपरा नेहमी का वाळतो याचे उत्तरही तिथेच मिळाले. चिकण मातीवर पाणी वाहून जाऊ लागले की थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करा.

वेळ पहाटेची किंवा सकाळी लवकरची. ऊन वर येताच पाती कोरडी होतात. संध्याकाळी दिलेले पाणी पात्यांवर रात्रभर राहते आणि बुरशीला तेवढेच हवे असते.

पाण्याची गरज गवत स्वतः सांगते. हिरव्यावर निळसर-राखाडी छटा येते, पाती उभी दुमडतात आणि लॉनवरून चालल्यावर पावलांचे ठसे उठतात ते लवकर मिटत नाहीत. ठसे टिकले की पाणी द्या. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. १०-१५ सेंटिमीटर सहज गेला तर ओल पोचली. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही, ती स्थिती मुळांना सगळ्यात प्रिय. सतत चिबड राहिलेल्या जमिनीत मुळे गुदमरतात आणि वर शेवाळ धरते.

जमिनीला हवा

फाटकापासून दारापर्यंतचा पायवाटेचा पट्टा पाहा. तिथे गवत विरळ असेल आणि स्क्रूड्रायव्हर दोन बोटांवर अडत असेल तर माती दबली आहे. पाणी, हवा, खत, काहीच आत जात नाही. मोठ्या लॉनसाठी मातीच्या गुल्ल्या बाहेर काढणारे पोकळ दात्यांचे यंत्र भाड्याने आणा. लहान लॉनला बागेचा काटा (लांब दात्यांचे खोदायचे अवजार) पुरतो: १०-१५ सेंटिमीटर अंतरावर ८-१० सेंटिमीटर खोल रोवायचा, किंचित मागेपुढे हलवायचा आणि काढायचा. माती ओलसर हवी, चिखल नको. हे काम गवत जोमात असतानाच करा, म्हणजे जखमा लवकर भरतात.

त्याच दिवशी चाकूने मातीसकट छोटी फोड कापून बाहेर काढा. हिरवी पाती आणि माती यांच्यामध्ये मेलेल्या देठांचा आणि मुळ्यांचा तपकिरी, स्पंजी थर दिसेल. सव्वा सेंटिमीटरपर्यंत हरकत नाही, उलट तो ओल टिकवतो. त्याहून जाड असेल तर पाणी वरच्या वर अडते, कीड आणि बुरशी तिथे मुक्काम करतात. दंताळ्याने जोर लावून ओरपून काढा.

नंतर चाळलेले कंपोस्ट अर्धा सेंटिमीटरच्या पातळ थरात पसरा आणि झाडूने भोकांत लोटा. पात्यांची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. चिकण मातीवर नुसती वाळू पसरण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. वाळूचा वेगळा थर बसतो आणि पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडखळते.

आता खत

शक्य असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक लॉन खूश असतात. तपासणीशिवाय चुना किंवा गंधक टाकू नका.

एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र, याहून जास्त नको. पिशवीवरचा पहिला आकडा नत्राची टक्केवारी सांगतो. २० टक्क्यांचे खत असेल तर चौरस मीटरला २५ ग्रॅम. ४६ टक्क्यांचा युरिया असेल तर जेमतेम ११ ग्रॅम, म्हणजे ४० चौरस मीटरला सुमारे ४४० ग्रॅम. हाताने फेकताना अर्धे लांबीने आणि अर्धे रुंदीने फेका, पट्टे उठत नाहीत. पाती कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. ओल्या पात्याला चिकटलेला युरिया त्याला जाळतो. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा, खत वाहून जवळच्या ओढ्यात जाईल.

उष्ण हवामानाच्या गवताला पूर्ण हिरवे झाल्यावर, थंड हवामानाच्या गवताला मुख्यतः उन्हाळा ओसरल्यावर द्या. झोपलेल्या गवताला खत घालू नका.

रंग वाचायलाही शिका. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. तिथे कितीही युरिया ओतला तरी उपयोग नाही. लोहासाठी फेरस सल्फेट वापराल तर फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जाता जात नाहीत.

तण, कीड आणि मोकळ्या चकत्या

दाट लॉनमध्ये तण कमी येते. आलेच तर फुलण्याआधी खुरप्याने मुळासकट काढा. नागरमोथा मात्र हट्टी. देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, ही त्याची ओळख. नुसता ओढला की गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात. खोल खणून गाठीसकट काढा आणि त्या जागी सतत ओल राहू देऊ नका. तणनाशक वापरणार असाल तर ते तुमच्या जातीच्या गवताला चालते असे लेबलवर लिहिलेले असल्याशिवाय बाटली उघडू नका.

गवत ओढताच सतरंजीसारखे उचलून हातात आले तर खाली हुमणी आहे, तिने मुळे खाल्ली आहेत. एक फूट लांब-रुंद तुकडा दोन-तीन इंच खोल उकलून अळ्या मोजा. एक-दोन असतील तर सोडून द्या. आठ-दहाच्या वर गेल्या तर उपाय करा. ओलसर हवेत गोल चकत्या वाळू लागल्या तर बुरशीचा संशय घ्या. औषधाआधी संध्याकाळचे पाणी बंद करा आणि नत्र थांबवा.

चकती भरायची तर मेलेले गवत खरवडून काढा, माती बोटभर मोकळी करून कंपोस्ट मिसळा आणि पातळी बाजूच्या मातीइतकी आणा. हरळीचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे चार बोटांच्या अंतराने रोवा किंवा झुपक्याच्या गवताचे बी टाकून हलके दाबा. इथे मात्र पाण्याचा वरचा नियम उलटा चालतो: रुजेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा हलका शिडकावा, नंतर हळूहळू अंतर वाढवत नेहमीच्या वेळापत्रकावर आणा. नवे पाते चिमटीत धरून किंचित ओढा. ते जमिनीत घट्ट राहिले की पहिली कापणी करा, तीही बाकीच्या लॉनपेक्षा बोटभर उंच ठेवून आणि ताज्या धारेच्या पात्याने.