ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपला एअर हॉर्न बसवताना

माझी बोलेरो कॅम्पर लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली ओढते. तुळशीचं लग्न लागलं की इंदूरच्या आसपास आज राऊ, उद्या सांवेर, परवा महू, असं चालू होतं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. पंधरा केव्हीएचा जनरेटर, त्याची पत्र्याची पेटी आणि खालची चेसी, हा सगळा भार गाडीच्याच ब्रेकांवर येतो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. बायपासवर मध्येच वळणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दोन सेकंद आधी ऐकू गेलं, तर मला 33 मीटर जास्त मिळतात. हॉर्नकडून मला एवढंच पाहिजे. मानपूरच्या पुढे घाट उतरताना दुसरा गिअर जे काम करतो ते भोंगा करत नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी कायद्याचं बोलू, नाहीतर केलेली सगळी मेहनत एखाद्या चौकात पाना घेऊन उतरवायची वेळ येते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 119 सांगतो की एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, आणि कर्कश, दचकवणारा आवाजही चालत नाही. हॉर्न आयएस 1884 या मानकाचा हवा. गाडीवर बसवल्यानंतर 7 मीटरवरून मोजलेला आवाज 93 ते 112 डेसिबलमध्ये बसायला हवा. आवाजाचं मानक मोडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विनाकारण हॉर्न वाजवला तर कलम 194एफ वेगळं: पहिल्यांदा 1,000, पुढच्या वेळी 2,000. म्हणजे गाणं म्हणणारे आणि ट्रकचे प्रेशर हॉर्न पहिल्याच फेरीत बाद. दोन तुताऱ्या एकाच वेळी, एकाच ठाम सुरात वाजणारा छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचा (मोटरने हवा दाबून तुतारीत सोडणारा) सेट, मानकाचं चिन्ह असलेला, एवढाच पर्याय मी धरतो. बिल गाडीत ठेवायचं. फिटनेसच्या दिवशी आणि चौकातल्या शिपायासमोर तेच उपयोगी पडतं.

देवास नाक्याकडे ट्रकचं सामान विकणाऱ्यांकडे गेलात तर काउंटरवरून हमखास ऐकू येईल, "भिया, ये लगा लो, कंटेनर वाला भी साइड देगा." हसून पुढे व्हायचं. ट्रकचा हॉर्न 24 व्होल्टचा असतो आणि त्याला हवा लागते ती ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाकीतली. आपल्या पिकअपला 12 व्होल्टची बॅटरी आणि व्हॅक्यूमच्या मदतीचे हायड्रॉलिक ब्रेक. हवेची टाकीच नाही. तो हॉर्न फुकट मिळाला तरी वाजणार नाही. व्हॅक्यूमच्या पाइपाला तर कुठल्याही कामासाठी हात लावू नका. आणि ज्यांच्याकडे एअर ब्रेकची मोठी टोइंगची गाडी आहे त्यांनीसुद्धा ब्रेकच्या टाकीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून हॉर्न घेऊ नये. तिथे जादा उपकरणांसाठी प्रोटेक्शन व्हॉल्व्हनंतर वेगळी लाइन असते, हवा तिथूनच घ्यायची, म्हणजे हॉर्नचा पाइप फुटला तरी ब्रेकची हवा जागेवर राहते.

डब्यावर मोठ्या अक्षरांत डेसिबल छापलेले असतात. ते किती अंतरावरून मोजले हे छापलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे 1 मीटरवरचा आकडा 7 मीटरवर जाईपर्यंत जवळजवळ 17 ने कमी होतो. मी डबा उघडून दुसऱ्याच गोष्टी बघतो. कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो? बहुतेक छोटे सेट 15 ते 20 घेतात. ब्रॅकेट जाड पत्र्याचं आहे की हाताने वाकतंय? सोबत रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, दिलाय का? सोबत दिलेली वायर बहुधा बारीक असते. ती बाजूला ठेवा, घरी दिव्याच्या माळेला उपयोगी पडेल.

आपण विकत घ्यायचं ते असं: 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, रिलेच्या कॉइलसाठी (आतला स्विच ओढणारी गुंडाळी) 1 चौरस मिलिमीटरची, झाकणवाला ब्लेड फ्यूज होल्डर, सेटच्या कागदावर सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज, 12 व्होल्ट 40 अँपिअरचा रिले, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), वायरीवर चढवायचा नालीदार पाइप, केबल टाय. 4 चौरसचा आग्रह का, ते हिशोबात दिसतं. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत 2 मीटर धरा, जाऊन-येऊन 4 मीटर. 20 अँपिअर वाहत असताना 1.5 चौरसच्या वायरीत जवळजवळ 1 व्होल्ट वाटेतच खर्च होतो. 4 चौरसमध्ये 0.4 सुद्धा होत नाही. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की ती हळू फिरते आणि हॉर्न रडतो. मग लोक हॉर्नला शिव्या घालतात आणि त्याहून मोठा आणतात.

जागा निवडताना ओढणाऱ्या गाडीची एक अडचण असते. भार ओढताना इंजिन तापतं, त्यामुळे रेडिएटर आणि इंटरकूलरसमोरची हवा अडवायची नाही. पुढच्या जाळीमागे मधोमध रिकामी जागा दिसते आणि हात आपोआप तिकडे जातो, पण ती जागा रिकामी आहे ती हवेसाठीच. मी एका बाजूला, हेडलाइटच्या मागे, चेसीच्या जाड पट्टीला ब्रॅकेट लावतो. पुढच्या टो-हुकाचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे, कारण अडकलेली गाडी ओढताना साखळी तिथूनच फिरते. तुताऱ्यांची तोंडं पुढे आणि थोडी खाली झुकलेली हवीत, नाहीतर पहिल्या पावसात आत पाणी साचून आवाज बसतो. चाकाच्या चिखलाचा थेट मारा येईल अशी जागा नको, आणि सायलेन्सरच्या जवळ तर अजिबात नको. कॉम्प्रेसर उभा बसवायचा, सेटच्या कागदावर बाण असेल तसा. त्याच्यापासून तुतारीपर्यंतचा पाइप जितका छोटा तितकं बरं, आणि त्याला कुठे दुमड पडू द्यायची नाही. काही सेटमध्ये तुताऱ्या थेट कॉम्प्रेसरवरच असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता वायरिंग. इथे घाई करायची नाही. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पॉझिटिव्हला पाना लावलेला असताना तो बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटलेली असली की ती भीती राहत नाही.

जुना हॉर्न काढायचा नाही. एअर हॉर्नच्या मोटरला वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात जुना हॉर्न बोलून मोकळा होतो. शिवाय नवा बंद पडला तर गाडी मुकी राहत नाही. जुन्या हॉर्नला दोन वायरी येत असतील तर त्याच दोन टोकांवर रिलेची कॉइल, म्हणजे 85 आणि 86 या पिना, समांतर जोडायची. गाडीचं बटण पॉझिटिव्ह सोडतं की निगेटिव्ह, याचा शोध घेत बसायची मग गरज नाही. दोन्ही प्रकारांत कॉइल ओढली जाते. हॉर्नला एकच वायर असेल तर 86 त्या वायरीवर आणि 85 बॉडीला. रिलेच्या अंगावर डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खूण छापलेली असेल तर मात्र टेस्ट लॅम्पने पॉझिटिव्ह कुठली ते बघून, छापलेल्या खुणेप्रमाणेच जोडा. कंपनीच्या वायरिंगला ब्लेड लावायचं नाही, फांदीवाला (मूळ टोक बसून बाजूला आणखी एक टोक देणारा) थिंबल घालून जोड काढायचा. नवी गाडी असेल तर वॉरंटीच्या वेळी कापलेली वायर सगळ्यांना आधी दिसते.

पिन 30 ला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर, मध्ये फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असला पाहिजे. फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे घासला तर त्याला वाचवणारं कोणी नाही. 87 वरून कॉम्प्रेसरची पॉझिटिव्ह. पाच पिनांचा रिले असेल तर 87ए रिकामी, टेप लावून. रिले उभा बांधा, पिना खाली, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

थिंबल पकडीने चेपू नका. वायर आठेक मिलिमीटर सोलायची, सगळे धागे आत गेले पाहिजेत, पलीकडच्या टोकाला तांबं किंचित दिसलं पाहिजे, मग क्रिंपिंगच्या हत्याराने दाबायचं आणि हाताने जोरात ओढून बघायचं. निघाली तर आत्ताच निघू दे. बरेच वायरमन वरून डागही देतात, म्हणजे कथिल वितळवून जोडतात. टेबलावरच्या कामात तो चांगला, पण हादऱ्यांच्या गाडीत कथिल धाग्यांमध्ये चढून वायर कडक होते आणि नेमकी डागाच्या कडेला तुटते.

आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्हची बॉडीला जाणारी जोडणी. आवाज बसल्याची तक्रार आली की मी सगळ्यात आधी इथेच बघतो. बोल्टभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, रिंगवाला थिंबल, त्यावर दातेरी वॉशर, नट घट्ट, आणि सगळं झाल्यावर वरून व्हॅसलिनचा थर. आधी लावू नका. शक्य असेल तर अर्थची वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच न्या. काम बरोबर झालंय का ते मल्टिमीटर सांगतो: काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सुई कॉम्प्रेसरच्या निगेटिव्ह टोकावर, आणि कोणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. काटा 0.2 व्होल्टच्या आत हवा. जास्त दिसला तर परत खरवडा. पॉझिटिव्हची बाजूही अशीच मोजायची, बॅटरीपासून कॉम्प्रेसरपर्यंत. ही मापं इंजिन चालू ठेवून घ्या आणि दाबणाऱ्याला एका वेळी दोन-तीन सेकंदांवर जाऊ देऊ नका. हे कॉम्प्रेसर सतत चालण्यासाठी बनवलेले नसतात. तुतारीसमोर कोणी उभं राहायचं नाही, स्वतःच्या कानातही बोळे घाला. पोरंसोरं जमतात, त्यांना आधी घालवून द्या.

ट्रॉलीवाल्यांसाठी एक वेगळं सांगतो. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी मागे जो सात पिनांचा सॉकेट आहे, त्याच्या वायरीतून हॉर्नला करंट घ्यायचा मोह होतो, कारण ती वायर समोर दिसत असते. ती दिव्यांच्या हिशोबाने घातलेली असते. हॉर्नचे 20 अँपिअर तिच्यावर टाकले तर फ्यूज उडेल, आणि रात्री ट्रॉलीचे मागचे दिवे गेलेले तुम्हाला गाडीत बसून कळणारही नाहीत. हॉर्न बसवून झाल्यावर ट्रॉली जोडून ब्रेकलाइट, इंडिकेटर एकदा तपासा. ट्रॉलीची अर्थ सॉकेटच्या पिनमधूनच गेली पाहिजे. हुकाच्या ग्रीसमधून मिळणाऱ्या अर्थवर भरवसा ठेवला की दिवे खड्ड्यागणिक मिचकावतात.

शेवटचा भाग डॅशबोर्डवर. कॉइलच्या बारीक वायरीत एक साधं टॉगल बटण घालतो. तिथून जेमतेम 0.15 अँपिअर वाहतो, त्यामुळे बटण साधं चालतं. बटण बंद असलं की फक्त कंपनीचा हॉर्न वाजतो. शहरात शिरलं की मी ते बंद करतो. एम. वाय. हॉस्पिटलसारख्या जागांभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र असतं आणि तिथे कुठलाच हॉर्न चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 सुद्धा नाही. आमचा धंदा रात्रीचा. वरात संपल्यावर गल्लीतून ट्रॉली काढायची तर पोऱ्याला खाली उतरवून मागे उभं करतो, तो हात दाखवतो आणि मी काढतो.

पहिल्या आठवड्यानंतर ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळा, हादऱ्यांनी ते सैल होतातच. पावसाळ्याआधी अर्थचा बोल्ट उघडून बघा, हिरवट थर दिसला तर साफ करा. गाडी धुताना प्रेशरची नळी तुतारीच्या तोंडात मारू नका, हे वॉशिंग सेंटरवरच्या पोराला आधीच सांगा. जादा फ्यूज मी होल्डरच्याच वायरीला टेपने बांधून ठेवतो, कारण डॅशबोर्डच्या खणात टाकलेला फ्यूज गरजेच्या वेळी कधीच सापडत नाही.