जिनिंगच्या फाटकावरची रांग कशी कमी केली

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी हिशेबाचं काम पाहतो. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, दुसरा वजनकाटा बसवा. मला ते पटत नव्हतं, कारण रांग असतानाही काटा मधूनमधून रिकामा दिसायचा.

म्हणून एका ट्रॉलीसोबत फाटकापासून चुकाऱ्यापर्यंत, म्हणजे शेतकऱ्याला पैसे मिळेपर्यंत, फिरलो. कुठे थांबली, कोणासाठी थांबली, कोणता कागद लागला, सगळं वहीत उतरवलं. कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्यानं १९२१ मध्ये मांडलेल्या प्रक्रिया-तक्त्याची रीत अशीच आहे.

ओलावा तपासला जायचा तो भरलेलं वजन झाल्यावर, ढिगाजवळ. १२ टक्क्यांच्या वर निघाला की भावावरून घासाघीस, आणि मागच्या ट्रॉल्या अडकलेल्या. एक काका वैतागून म्हणाले, "आधीच सांगाचं ना बाप्पा, वाळवून आणला असता!" त्यांचं खरंच होतं.

मालकांना तक्ता दाखवला आणि ओलावा मोजायचं मीटर फाटकाशी आणलं. कापूस ट्रॉलीत खोल हात घालून, वेगवेगळ्या जागचा काढायचा. वरचा थर उन्हानं वाळलेला असतो, त्यावर भरवसा ठेवू नका. भावही तिथंच ठरतो. नाव, गाव, बँक खातं वेगवेगळ्या वह्यांत लिहिलं जायचं, ते एकाच काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीवर, आणलं.

काटा तोच आहे, रांग आता फाटकाच्या आत मावते. कापूस उतरवल्यावर रिकाम्या वजनासाठी मात्र ट्रॉली अजून लांबून वळवावी लागते. ती वाट पुढच्या हंगामाआधी मोकळी करायची आहे.