ब्युटेन: चार चणे आणि एक लोणी

घरातल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. यातला ब्युटेन एकदा हाताने जोडून बघा, C₄H₁₀ हे सूत्र पाठ करावे लागणार नाही.

रात्री 4 काबुली चणे आणि 10 अळसांदे (गोव्याकडची चवळी) भिजत घाला. अळसांदे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले असोत की घरच्या डब्यातले, चालतील. सकाळी 13 टूथपिक घ्या. चणा म्हणजे कार्बन, अळसांदा म्हणजे हायड्रोजन, काडी म्हणजे त्यांच्यातला बंध. शिजवलेले दाणे घेऊ नका, काडी टोचताच फुटतात.

आधी चारही चणे तीन काड्यांनी ओळीत जोडा. मग प्रत्येक चण्यातून एकूण चारच काड्या निघतील अशा बेताने अळसांदे लावा: टोकाच्या चण्यांना तीन-तीन, मधल्यांना दोन-दोन. काडी उरली किंवा कमी पडली, तर बहुधा एखाद्या चण्याला पाच नाहीतर तीनच काड्या लागलेल्या असतात. दुसरी चूक म्हणजे सगळे ताटात सपाट पसरणे. काड्या चारी दिशांना फाकवा, दोन काड्यांमधला कोन साधारण 109.5 अंश. साखळी नागमोडी दिसली तर उत्तम. ती वाकवली म्हणून संयुग बदलत नाही.

बदलायचेच असेल तर टोकाचा चणा त्याच्या तीन अळसांद्यांसकट काढा आणि पलीकडच्या मधल्या चण्याच्या (ज्याला तो जोडलेला नव्हता त्या) एका अळसांद्याच्या जागी खोवा. सुटलेला अळसांदा रिकाम्या टोकाला. दाणे तेवढेच, काड्याही तेवढ्याच, पण हा झाला आयसोब्युटेन. साधा ब्युटेन −0.5 अंश सेल्सिअसला उकळतो, हा −11.7 ला.

आता नाव. लोण्याला लॅटिनमध्ये ‘ब्युटिरम’ म्हणतात. तो शब्द ग्रीकमधून आला, ‘बूस’ म्हणजे गाय आणि ‘टिरोस’ म्हणजे चीज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी लोण्यातून जे आम्ल वेगळे काढले ते ब्युटिरिक आम्ल. पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या लोण्याला खवट वास येतो, तो बराचसा याचाच. त्या आम्लात कार्बन चार, म्हणून चार कार्बनवाल्यांना ‘ब्युट’ चिकटले. शेवटचा ‘एन’ एकेरी बंधांची खूण, ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी 1866 मध्ये सुचवली. पाच कार्बनपासून मात्र बहुतेक ग्रीक आकडेच लागतात: पेंटेन, हेक्सेन.

लोण्याचे नाव असले तरी ब्युटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गॅस गळताना येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. आणि ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारही उघडा.