बुर्ज खलिफावर जाताय? या चुका टाळा

गोव्याहून दुबईला जाणाऱ्या ग्रुपबरोबर मी टूर लीडर म्हणून जाते. ग्रुप फोंड्याचा असो, डिचोलीचा असो की पेडण्याचा, कार्यक्रमात बुर्ज खलिफा असतोच आणि चुकाही त्याच असतात. वर्षभर पैसे बाजूला टाकून माणसं एवढ्या लांब येतात, ८२८ मीटर उंचीच्या इमारतीत चढतात आणि दहा मिनिटांत खाली उतरून मॉलमध्ये शिरतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

लिहिते आहे ते १२४ आणि १२५ व्या मजल्यांबद्दल, म्हणजे जिथून शहर बघतात त्या डेकबद्दल. आपल्याकडचे बहुतेक ग्रुप तिथेच जातात. १४८ वा मजला ५५५ मीटरवर आहे, तिथे गर्दी कमी आणि सरबराई जास्त, पण तिकीट बरंच महाग. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १२४ वा मजलासुद्धा ४५२ मीटरवर आहे. क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर्स टोकापर्यंत मोजले तर तेवढे भरतात.

दार कुठे आहे ते न बघता निघणं

टॅक्सीवाल्याला नुसतं 'बुर्ज खलिफा' सांगितलं तर तो तुम्हाला इमारतीच्या पायथ्याशी सोडेल. तिथे हॉटेल आणि राहणाऱ्यांचे दरवाजे आहेत, तुमचा नाही. डेकवर जायची वाट दुबई मॉलच्या आतून, लोअर ग्राउंड मजल्यावरून आहे. मेट्रोने येणाऱ्यांनी स्टेशन आलं म्हणजे पोहोचलो असं धरू नये. स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूलच ८२० मीटर लांब आहे, आणि पुढे मॉलमधलं चालणं वेगळंच. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सी करा आणि 'दुबई मॉल' म्हणून सांगा.

तिकिटावरच्या वेळेला 'साधारण वेळ' समजणं

लोक सर्वांत जास्त हळहळतात ते या चुकीपायी, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिकिटावर ४.०० लिहिलेलं असतं. ती आत शिरायची वेळ. चारला तुम्ही वर पोहोचत नाही. दारावर तिकीट स्कॅन होतं, मग सामानाची तपासणी, मग लिफ्टची रांग. गर्दीच्या दिवसांत एवढ्यातच अर्धा-पाऊण तास सहज जातो. लिफ्ट सेकंदाला १० मीटर वेगाने जाते, म्हणजे १२४ व्या मजल्याला मिनिटभरच लागतं. वेळ जातो तो लिफ्टच्या आधी. म्हणून मी ग्रुपला वेळेच्या पाऊण तास आधी दाराजवळ आणते. त्यावर हमखास कुरकूर होते, 'ताई, इतक्या आधी येऊन इथे काय करायचं?' करायचं काहीच नाही. उभं राहायचं, पाणी प्यायचं, बाथरूमला जाऊन यायचं.

एका डिसेंबरात फोंडा तालुक्यातलं एक कुटुंब ग्रुपमध्ये होतं. तिघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं आणि आई. बुर्जची तिकिटं त्यांनी आमच्याकडून घेतली नव्हती. दुबईतल्या एका नातेवाइकाच्या ओळखीच्या माणसाने 'स्वस्तात करून देतो' म्हटलं आणि यांनी पैसे पाठवून दिले. मी मोपा विमानतळावरून निघायच्या आधीच तिकिटं बघायला मागितली होती. 'सगळं व्हॉट्सॲपवर आहे, काळजी करू नका,' असं उत्तर आलं.

त्या दिवशी दुपारी मॉलमध्ये आल्यावर मत्स्यालयाच्या त्या अवाढव्य काचेसमोर मुलं खिळली. मोठा भाऊ म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढे, आम्ही पाच मिनिटांत येतो.' त्या मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं आहेत आणि वळणं सगळी सारखीच दिसतात. पाच मिनिटांची पस्तीस झाली. दाराशी धावत आले तेव्हा आईंना धाप लागली होती. पहिला क्यूआर कोड स्कॅन झाला आणि मशीन लाल. दुसरा, तोही लाल. दारावरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की ही सकाळच्या स्वस्त वेळेची तिकिटं आहेत, वेळ उलटून गेली. त्यातही दोन कोड एकच होते. एकच तिकीट दोघांना पाठवलं होतं.

मधला भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, 'आत कोणी ओळखीचं बघा ना, ताई.' आपल्या गावात पंचायतीत, बँकेत, जत्रेच्या रांगेत ओळख चालते, त्यामुळे ती सवय लागलेली असते. तिथे दारावर मशीन आहे. मशीनला तुमचं गाव, तुमचे मामा, काही ठाऊक नाही. त्या दिवसाच्या संध्याकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. ते कुटुंब खाली राहिलं, आम्ही वर गेलो. आईंनी हातातली कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसकण मारली आणि म्हणाल्या, 'जाऊ दे, खालून दिसतोच आहे.' ती पिशवी घट्ट धरलेले त्यांचे हात मला अजून दिसतात. इतक्या लांब येऊन त्या बाईला वरून काही बघता आलं नाही, आणि कारण काय, तर थोडे पैसे वाचवायचे होते.

म्हणून माझी पद्धत अशी. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ज्यांच्याबरोबर सहलीला जाताय त्यांच्याकडूनच घ्या. हातात आलं की तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा: तारीख, वेळ, मजला. माणसागणिक कोड वेगळा आहे ना, ते बघा. कोड फोनमध्ये ठेवाच, पण मी एक छापील प्रतही पर्समध्ये ठेवते, कारण फोनची बॅटरी नको तेव्हा संपते. आणि मत्स्यालय, खरेदी, खाणं हे सगळं खाली आल्यावर. अगोदर काहीही नाही. याला माझ्याकडे अपवाद नाही, मुलं रडली तरी नाही.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मनगटी घड्याळ विमानातच लावून घ्या.

सूर्यास्ताच्याच वेळेचं तिकीट धरणं

मिरामारला किंवा मोरजीला समुद्रात बुडणारा सूर्य बघत वाढलेली आपण माणसं. दुबईतही सूर्यास्त हवा हा हट्ट मी समजू शकते. पण सूर्यास्त साडेपाचला म्हणून साडेपाचचं तिकीट घेतलं, तर सूर्य मावळताना तुम्ही खाली रांगेत असता. शिवाय त्या वेळा सर्वांत महाग. डिसेंबरात तिथे सूर्य साधारण साडेपाचला मावळतो आणि पाण्यातही बुडत नाही, पाम जुमेरा या भराव घालून केलेल्या बेटाच्या बाजूला किनाऱ्याकडेला उतरतो. पुष्कळदा क्षितिजावर धुळीचा धुरकट थर असतो आणि सूर्य टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. 'सूर्यास्त दिसलाच नाही' म्हणून तोंड पाडून उतरणारे दर वेळी भेटतात.

डिसेंबर-जानेवारीत मी साडेतीन-चारची वेळ घेते. मग एका तिकिटात दिवसाचं शहर दिसतं, संध्याकाळ दिसते आणि दिवे लागलेलेही दिसतात. १२४ व्या मजल्यावर कोणी घड्याळ लावून तुम्हाला हाकलत नाही. वेळेचं बंधन आत शिरण्यापुरतं.

आणखी एक. फोनमध्ये सूर्यास्ताची जी वेळ दाखवतात ती जमिनीवरची. वर सूर्य थोडा जास्त वेळ दिसतो. २०११ मध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी बुर्जमध्ये राहणाऱ्यांना रमजानचा उपास उशिरा सोडायला सांगितलं होतं. ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा, १५० व्याच्या वर तीन मिनिटं. तेव्हा फोन बघून 'झाला सूर्यास्त, चला' असं करू नका.

दहा मिनिटांत 'बघून झालं' म्हणणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर माणसं काय करतात? काचेपाशी जाऊन स्वतःचा फोटो, बायकोचा फोटो, सगळ्यांचा फोटो, मग घरी व्हिडिओ कॉल, 'हे बघ, हे बघ' आणि 'चला आता.' खाली काय होतं हे विचारलं तर सांगता येत नाही. तरुण पोरं यात जास्त. त्यांना वर जाऊन आल्याचा पुरावा हवा असतो. पुरावा मिळाला की उत्साह संपतो. मी त्यांना रागावते, आणि रागावणारच.

वर गेल्यावर पहिली पाच-सात मिनिटं फोन खिशात ठेवा. डोळ्यांना उंची कळायलाच तेवढा वेळ लागतो. आधी लांब बघा, मग जवळ. हवा अगदी स्वच्छ असेल तर एवढ्या उंचीवरून क्षितिज हिशेबाने ७५ किलोमीटरवर येतं. म्हणजे पणजीत उभं राहून मालवणपर्यंत नजर जावी, तसं. प्रत्यक्षात दुबईच्या हवेत इतकं क्वचितच दिसतं, पण हिशेब मनात असला की आपण काय शोधतोय ते कळतं.

मग एका बाजूला समुद्र धरा. पाण्यात भराव घालून केलेली 'द वर्ल्ड'ची बेटं ठिपक्यांसारखी दिसतात. खाली शेख झायेद रोडच्या गाड्या. उलट्या बाजूला जा, तर इमारती विरळ होत जातात आणि वाळवंट सुरू होतं. हे शहर कुठे संपतं ते डोळ्यांनी दिसतं. पूर्ण फेरी मारा, एकदा उजेडात आणि एकदा दिवे लागल्यावर.

आणि सावली बघा. याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येक ग्रुपला सांगते. डिसेंबरात दुपारी चारला बुर्जची सावली अडीच किलोमीटरपेक्षा लांब पडते, ईशान्येला, झबील नावाच्या भागाच्या बाजूला. घरं, रस्ते, झाडं यांच्यावरून ती सरळ रेघ गेलेली असते. एक रस्ता नजरेत धरून ठेवा आणि दहा मिनिटांनी परत बघा, टोक पुढे सरकलेलं असतं. डिचोलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या काचेला कपाळ टेकवून हे बघत उभ्या राहिल्या. टोक एका पांढऱ्या छपरावरून उतरून शेजारच्या मोकळ्या जागेत गेलं, तेव्हा त्यांनी नातवाला हाताला धरून आणलं आणि पृथ्वी फिरते म्हणजे काय ते तिथेच समजावलं. त्या मुलाने मग एकही फोटो मागितला नाही.

फोटोत काचेतलं स्वतःचंच प्रतिबिंब येणं

फ्लॅश बंद करा. फोनची लेन्स काचेला अगदी चिकटवा, मध्ये बोटभरही फट नको. अंधार पडल्यावर आतले दिवे काचेत दिसतात, तेव्हा काळं जॅकेट किंवा ओढणी फोनभोवती धरा. १२४ व्या मजल्यावर उघडी गच्ची आहे, तिथे काचांमध्ये फटी ठेवलेल्या आहेत. त्यातून फोटो छान येतो, पण फोन बाहेर काढून हात लांब करणाऱ्यांना मी तिथल्या तिथे थांबवते. खाली माणसं चालत असतात.

आत शिरताना तिथले लोक तुमचा फोटो काढतात आणि बाहेर पडताना विकत घ्यायला लावतात. तो घ्यायचा की नाही हे घरच्यांनी आधीच ठरवावं. काउंटरवर उभं राहून नवरा-बायकोने वाद घालू नये.

बारीकसारीक

कान गच्च होतात. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी तोंडात काहीतरी चघळायला ठेवा. माझ्या पिशवीत सुकवलेल्या आवळ्याच्या फोडी असतात, लहान-मोठे सगळे मागून घेतात.

मॉलमध्ये आणि वर एसी जोरात असतो. बाहेर कितीही उकडत असलं तरी म्हाताऱ्या माणसांना शाल हवीच.

'तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी गर्दी,' असं आखातात राहून आलेले जुने लोक सांगतात. २०२२ पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, शुक्रवारी अर्धा दिवस. गर्दी टाळायची तर सोमवार ते गुरुवार बघा.

हिवाळ्यात सकाळी धुकं, उन्हाळ्यात धूळ. आदल्या दिवशी बाल्कनीतून बुर्जचं टोक स्पष्ट दिसतंय का बघा. तिकीट काढलेलं असलं तर बदलता येईलच असं नाही, पण काढायचं बाकी असेल तर हा अंदाज उपयोगी पडतो.

ग्रुप वर पांगतो आणि खाली उतरल्यावर फोन लागत नाहीत. वर जाण्याआधीच भेटायची जागा ठरवा. मॉलमध्ये एक उंच धबधबा आहे, पाण्याच्या भिंतीवरून सूर मारणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत त्याला. मी सगळ्यांना तिथेच बोलावते. 'गेटपाशी' असं कधीही म्हणू नका. त्या मॉलला किती गेट आहेत ते तिथे गेल्यावर कळेल.

उंचीची भीती वाटणाऱ्यांना ओढत काचेपाशी नेऊ नका. 'काही होत नाही, ये' असं म्हणून हात ओढणारे नवरे मी पुष्कळ बघितले आहेत, आणि ते मला अजिबात आवडत नाहीत. त्या माणसाला आधी आतल्या भिंतीला पाठ लावून उभं राहू द्या आणि समोर लांब, समुद्राकडे बघायला सांगा. खाली बघायची घाई नको. श्वास शांत झाला की बहुतेक जण आपणहून दोन पावलं पुढे येतात. नाही आले तर त्यांच्याजवळ कोणीतरी थांबा, आणि बाकीच्यांनी आपली फेरी पूर्ण करून मग त्या थांबलेल्याला बदली द्या.