सुट्टीतल्या खिचडीबद्दल मुलांना काय विचाराल? प्रश्न छापण्याआधी तपासायची पद्धत

ऑफिसात पंख्याखाली बसून पाच जणांनी प्रश्नावली वाचली, पाचही जणांना कळली, की ती 'तपासली' असं समजायची पद्धत आहे. त्या पाचांतला एकही जण तेरा-चौदा वर्षांचा नसतो. मग मे महिन्यात टॅब घेऊन गणक, म्हणजे सर्वेक्षणाचे प्रश्न विचारणारी माणसं, गावोगाव फिरतात, मुलं काहीतरी उत्तरं देतात आणि त्या उत्तरांचे तक्ते होतात. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, 'सोपी भाषा वापरा'. हा सल्ला कुचकामी आहे, कारण आपला कोणता शब्द अवघड जातोय हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. ते मुलाकडूनच काढून घ्यावं लागतं. कसं, ते खाली लिहिते.

आधी विषय नेमका समजून घ्या. शाळेत शिजवलेलं अन्न मिळतं ते पहिली ते आठवीच्या मुलांना. ही योजना केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली, २०२१ पासून तिचं नाव 'पीएम पोषण' आहे आणि गावात तिला सगळे 'खिचडी' म्हणतात, ताटात काहीही असो. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा पुढच्या सुट्टीत तिथल्या शाळांना आहार चालू ठेवायच्या सूचना होत्या. प्रत्यक्षात कोण आलं, कोण नाही आलं आणि का, हे जाणून घ्यायला सर्वेक्षण लागतं. सहावी-सातवी-आठवीची मुलं सर्वांत आधी यायची थांबतात, म्हणून प्रश्नही त्यांच्यावरच तपासायचे.

तयारी. पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवीत. मुख्याध्यापकांची परवानगी यांतल्या कशाचीच जागा घेत नाही.

मुलं निवडणं. एका फेरीला सहा ते आठ मुलं पुरतात. फक्त शाळेकडून मुलं मागू नका. गुरुजी हमखास वर्गातली हुशार मुलं पाठवतात, आणि हुशार मुलाला वाईट प्रश्नही कळतो. निम्मी मुलं जेवायला न येणारी हवीत. ती शाळेच्या आवारात सापडणार नाहीत. शेळ्यांमागे, टँकरच्या रांगेत, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात सापडतील. ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या घरांतली एक-दोन मुलं घ्याच, कारण शाळेचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात आपल्यासारखं बसलेलं नसतं. नववीतलं एखादं मूलही घ्या. त्याला जेवण मिळत नाही, पण धाकट्या बहिणीला शाळेत सोडायला तोच जातो आणि त्याला सगळं ठाऊक असतं.

जागा. लोकांना दिसेल पण बोलणं ऐकू जाणार नाही, अशी बघा. वर्गात नको. स्वयंपाकाच्या खोलीजवळ तर मुळीच नको, कारण खिचडी शिजवणाऱ्या मावशी बहुतेकदा त्याच मुलाच्या काकू किंवा शेजारीण असतात. वेळ सकाळची, नाहीतर ऊन उतरल्यावरची.

खाऊ. प्रश्न विचारण्याआधी बिस्किटं वाटू नका. जेवणाबद्दल विचारायला आलेल्या माणसाने आधी खायला दिलं, की त्याला काय ऐकायचंय याचा मुलं अंदाज बांधतात. पेन, वही जे द्यायचं ते शेवटी.

खरी अवघड पायरी: मुलाला काय कळलं हे त्याच्याकडून काढणं

बाकी सगळं कोणीही करेल, इथे मात्र माणसं अडकतात. मलाही ही पायरी बरीच वर्षं जड गेली.

'प्रश्न समजला का?' असं कधीही विचारू नका. उत्तर 'हो' येतं, नेहमीच येतं. शाळेत हा प्रश्न मुलं पहिलीपासून ऐकत आलेली असतात आणि त्याला 'नाही' म्हटलं की काय होतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. तुम्ही कितीही हसून विचारा, तुम्ही त्यांच्यासाठी गुरुजीच.

दुसरी गोष्ट पुस्तकात सापडते. मुलाला म्हणायचं, 'उत्तर शोधताना मनात जे येईल ते मोठ्याने बोल.' मोठ्या माणसांना सवयीने जमतं. आठवीतला मुलगा आधी हसतो, मग चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसतो. सरावासाठी म्हणे 'तुझ्या घरात खिडक्या किती, ते मोजताना बोल' असं सांगावं. पत्र्याच्या एका खोलीतला मुलगा 'एक' म्हणतो आणि सराव संपतो. सराव हवाच असेल तर 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्याच्या खेपा कशा कशा केल्या, सांग' असं विचारा. दुष्काळी गावात यावर बारा वर्षांची मुलगीही पाच मिनिटं सलग बोलते, आणि आठवून बोलायची लय तिला सापडते. त्याच लयीत पुढे जायचं. उत्तरं देताना मोठ्याने विचार करायचा आग्रह सोडून द्या.

मग करायचं काय? छापलेला प्रश्न जसाच्या तसा वाचा. एकही शब्द बदलायचा नाही, समजावून सांगायचं नाही. उत्तर घ्या, लिहा. त्यानंतर या तिघांपैकी एक उपप्रश्न विचारा: 'हे सांगताना कुठला दिवस डोळ्यापुढे आला?' 'हाच प्रश्न तुझ्या धाकट्या बहिणीला विचारायचा तर कसा विचारशील?' 'हे उत्तर दिलंस, दुसरं का नाही दिलंस?' तिन्ही एकदम विचारले की पोलीस चौकशी वाटते. मधला सर्वांत कामाचा. मूल स्वतःच्या शब्दांत प्रश्न सांगतं तेव्हा त्यातलं काय गळलं आणि काय नवीन शिरलं, हे जागच्या जागी दिसतं.

मुलाने 'म्हणजे?' विचारलं की थांबा. सगळ्या दिवसातला हा सर्वांत मोलाचा शब्द, आणि नेमकं इथेच आपल्या तोंडून स्पष्टीकरण बाहेर पडतं. शिक्षकी केलेल्या गणकांचं तर हमखास; शिकवायची सवय सुटत नाही. 'तुला काय वाटतं, मी काय विचारतेय?' एवढंच म्हणा आणि ऐका. समजावून सांगितलंत तर तुमचं समजावणं तपासून झालं, प्रश्न तसाच राहिला. शांतता पसरली तर मनात दहापर्यंत मोजा. दहा फार लांब वाटतात. मुलं साधारण सात-आठवर बोलतात.

आणि भुकेचा प्रश्न. त्याबद्दल ठामपणे सांगते: तो मुलांना थेट घरावर बोट ठेवून विचारू नये. 'पैसे नसल्यामुळे घरात कोणी जेवण टाळलं का?' असा प्रश्न एका सातवीतल्या मुलीला वाचून दाखवला. 'नाही,' म्हणाली, लगेच. बहिणीला कसा विचारशील म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाली, 'आई टाळत नाही. तिला रात्री भूकच नसते.' तक्त्यात हे घर 'नाही'च्या रकान्यात गेलं असतं. 'टाळलं' म्हणजे मुद्दाम नको म्हटलं, असा तिचा अर्थ, आणि शिवाय आईविरुद्ध साक्ष द्यायची नव्हती. त्या जागी 'गेल्या आठवड्यात रात्री घरातले सगळे जेवले, असे दिवस कोणते?' असं विचारून बघितलं. तिने दिवस मोजले. वाक्यात 'पैसे' नाहीत, 'टाळणं' नाही, कुणाचा दोष नाही. कारण हवं असेल तर ते पुढच्या, वेगळ्या प्रश्नात. तिथेही उपवासाचा पर्याय आधी द्या. एकादशीसारख्या उपवासामुळे रात्री न जेवलेले दिवस भुकेच्या खात्यात जाऊन बसतात आणि निष्कर्ष फुगतो.

असं काही बोलता बोलता बाहेर आलं, तर पुढे काय करायचं ते आधी ठरवून जा: गावात कोणाला सांगायचं, कोणाला नाही. मुलाला वचनं देऊ नका. मूल संकटात आहे असं दिसलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

नेहमीचे खड्डे

हे बहुतेक प्रश्नावल्यांत सापडतात, म्हणून आधीच भरून घ्या.

'तू कितवीत आहेस?' मे महिन्यात हा प्रश्न बाद समजा. निकाल १ मेच्या सुमारास लागतो. आठवी पास झालेला एक मुलगा 'आठवी' म्हणतो, दुसरा 'नववी', दोघंही खरं बोलतात. आणि आठवी-नववीच्या मधूनच तर तुमच्या योजनेची रेघ जाते. 'यंदा कितवीची परीक्षा दिलीस?' असं विचारा.

'दुपारचं जेवण'. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, आहारही सकाळीच उरकतो. 'दुपारी शाळेत जेवलास का?' याला प्रामाणिक मूल 'नाही' म्हणतं. त्यातून खिचडीला पुष्कळ मुलं 'जेवण' मानत नाहीत. जेवण घरचं, भाकरी-कालवणाचं, शाळेत 'खाल्लं'. 'शाळेत शिजवलेलं काही खाल्लंस का?' एवढं पुरे.

'योजनेचा लाभ घेतला का?' लाडकी बहीण आल्यापासून लाभ म्हणजे खात्यावरचे पैसे. 'आमच्या खात्यावर नाही आले' असं उत्तर येईल, आणि तुम्ही ते 'जेवण मिळालं नाही' असं नोंदवाल.

'पैशांच्या किंवा इतर साधनांच्या अभावी'. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आठ प्रश्नांच्या अन्न-असुरक्षिततेच्या मापनपट्टीत 'पैसे किंवा इतर संसाधनं' अशा अर्थाचे शब्द आहेत. त्याचं 'साधन' झालं की खेड्यात साधन म्हणजे गाडी, जीप, वडाप. 'हो, साधन नव्हतं, म्हणून बाजारला गेलो नाही,' असं मूल सांगतं. शिवाय ते प्रश्न मोठ्या माणसांसाठी बांधलेले आहेत. मुलांवर तसेच ओतू नका.

'तुमच्या गावात सुट्टीत आहार मिळतो का?' सुट्टीत मूल मामाकडे गेलेलं असतं. कोणतं गाव? शाळेचं नाव घालून विचारा, आणि त्याआधी 'सुट्टीत किती दिवस इथेच होतास?' हे विचारा.

'नेहमी / कधीकधी / क्वचित / कधीच नाही'. 'क्वचित' मुलं बोलत नाहीत, आणि मधला पर्याय दिसला की सुरक्षित म्हणून तोच धरतात. त्यापेक्षा गेल्या आठवड्याचे वार वाचा आणि एकेका वाराला हो-नाही घ्या. वेळ जास्त लागतो, लागू दे. आठवडी बाजाराचा वार मधे आला की बाकीचे वार मुलांना आपोआप आठवतात.

संबोधन 'तू' ठेवा. 'आपण' म्हटलं की तेरा वर्षांचा पोरगा मागे वळून कोणाशी बोलताय ते बघतो.

गटात तपासू नका. पाच मुलांना एकदम बसवलं की पहिला बोलेल ते उत्तर, बाकीचे त्याच्या मागे. गट एकाच कामाला चांगला: प्रश्न लिहिण्याआधी मुलं कोणत्या गोष्टीला काय म्हणतात, हे ऐकायला.

नोंद. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'प्रश्न समजला नाही' असा शेरा नको. 'साधन म्हणजे जीप म्हणाला' असं लिहा. थांबला कुठे, हसला कुठे, घराकडे बघितलं कुठे, हेही. संध्याकाळी त्याच दिवशी वाचून काढा. दोन मुलं एकाच जागी अडली तर प्रश्न बदला. एकच अडलं तर पुढच्या फेरीत लक्ष ठेवा. मुलांचा बोली शब्द आवडला म्हणून लगेच छापूही नका. बीडच्या मुलाला जमेल तो शब्द नाशिकच्या आदिवासी पाड्यावर पडून राहील. सर्वेक्षण जिथे होणार त्या प्रत्येक भागात किमान एक फेरी हवीच.

बदललेले प्रश्न नव्या मुलांवर. त्याच मुलांवर नाही, त्यांना उत्तर आता ठाऊक आहे. दोन-तीन फेऱ्यांत नवीन अडथळे येईनासे होतात. तेव्हा थांबा.

शेवटची फेरी मात्र प्रश्न लिहिणाऱ्याने घेऊ नये. जे गणक प्रत्यक्ष जाणार आहेत त्यांना टॅबसकट पाठवा आणि तुम्ही बाजूला बसून गप्प राहा. गणक घाईत कोणता शब्द गाळतो, कोणत्या प्रश्नाआधी आवाज उतरवतो आणि 'म्हणजे?' आल्यावर काय बोलतो, ते लिहून घ्या. प्रशिक्षणाच्या दिवशी तीच यादी पुढे ठेवायची आहे.