बाबाको कसोटी का नसते? कर्कटक घेऊन बघा

आमच्याकडे शिकवणीला येणारी नववीची मुलं ‘बाबाको कसोटी नसते’ हे वाक्य घोकून येतात. बाबाको म्हणजे बाजू-बाजू-कोन: दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला एक कोन सारखा असला, तरी दोन त्रिकोण एकरूप असतीलच असं नाही. का नसते विचारलं, की अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाईड चाळायला लागतात. गाईड मिटा, कंपासपेटी उघडा.

एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला अ, तिथे ३० अंशांचा कोन. वरच्या भुजेवर अ पासून ८ सेंमीवर ब.

आता कर्कटकात ५ सेंमी घ्या, टोक ब वर रोवा आणि खालच्या रेघेवर कंस मारा. घात इथेच होतो. शाळेत असताना मी एवढासा कंस मारायचो, रेघ एकदा छेदली की ‘क’ लिहून मोकळा. त्यात रेघ जेमतेम ९ सेंमीची. दुसरा छेद अ पासून जवळपास ९.९ सेंमीवर पडतो, तो मला दिसणार कुठून? ‘बाबाको चालते की!’ म्हणून वर्षभर हुज्जत घातली. तेव्हा रेघ १२ सेंमीपेक्षा तोकडी नको आणि कंस थेट पलीकडेपर्यंत फिरवा. कर्कटकाचा स्क्रू ढिला असेल तर आधी तो आवळा.

छेद दोन मिळतील: क सुमारे ३.९ सेंमीवर, ड ९.९ वर. अबक आणि अबड या त्रिकोणांत अब सामाईक, कोन अ सामाईक, बक आणि बड दोन्ही ५. तरी एक त्रिकोण दुसऱ्याच्या पोटात बसलाय. एकरूप कसले?

ब मधून खाली लंब टाका. तो ४ सेंमी भरतो, ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी म्हणून. क आणि ड त्याच्या दोन अंगांना ३-३ सेंमीवर. कर्कटकात ३ घेतलेत तर कंस रेघेपर्यंत पोचतच नाही. ४ ला नुसता टेकतो, काटकोन होतो. ८ किंवा जास्त घेतलेत तर त्रिकोण एकच. घोळ फक्त ४ आणि ८ च्या मधे.

कोन अ च काटकोन असेल तर लंबाचा पाय अ वरच येतो. दोन छेद अ च्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर, त्रिकोण एकमेकांचे आरसे. आरसे म्हणजे एकरूपच, म्हणून कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणांत कर्ण आणि एक बाजू सारखी) चालते.

पेपरात बाकोबा (बाजू-कोन-बाजू, कोन दोन बाजूंच्या मधला) लिहिण्याआधी दिलेल्या कोनाच्या शिरोबिंदूवर बोट ठेवा. दिलेल्या दोन्ही बाजू तिथूनच निघत नसतील, तर लिहू नका.