रोजचे मीठ कसे निवडावे आणि कसे मोजावे

खान्देशातल्या स्वयंपाकघरात रोजच्या बारीक मिठाबरोबर लोणच्यासाठी जाडे मीठ, उपवासासाठी सैंधव आणि ताकासाठी पादेलोण सापडते. यांतले सैंधव खनिजांनी समृद्ध असल्याने तेच रोज वापरावे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. सैंधवातही साधारण 97 टक्के सोडियम क्लोराइडच असते आणि त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. दिवसभराच्या 5 ग्रॅम सैंधवातून मिळणारे पोटॅशियम जळगावच्या एका केळ्यातल्या सुमारे 400 मिलिग्रॅमच्या दशांशही भरत नाही. पादेलोणाचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो. ते चवीपुरते ठीक.

रोजच्या स्वयंपाकासाठी आयोडीनयुक्त मीठच घ्यावे, कारण आयोडीन कमी पडल्यास गलगंड होतो आणि गर्भवतीला ते कमी मिळाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मिठात त्याचे प्रमाण दहा लाख भागांत 30 भाग असेल, तर तेवढे 5 ग्रॅम मिठातून मिळते. मात्र दमट हवेत आणि उष्णतेने ते घटत जाते. म्हणून मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि वरण-भाजीत शेवटी घालावे. जाड्या मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख आहे का, हे वाचूनच ती घ्यावी.

कोणतेही मीठ असो, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी आहे. पुडी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी: चार प्रौढांच्या घरात किलोभर मीठ 50 दिवसांच्या आत संपत असेल, तर हात आखडावा. शेवभाजीतली शेव, लोणचे आणि उडदाचे पापड यांतले मीठ या हिशेबात धरलेले नसते, आणि पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे, त्यामुळे पुडी प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक टिकायला हवी.

कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. रक्तदाब असलेल्या अनेकांना ते उपयोगी पडते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये, कारण रक्तात पोटॅशियम साचल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.